बारवेसाठी वर्गणी: मोठी देणगी आधी घ्यावी की घरटी पावती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खटाव तालुक्यातलं गाव, वेशीबाहेर जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शेजारी पिंपळाखाली तीन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड. तीसेक तरुण एकत्र आलेत. वास्तुविशारदाने १४ लाखांचा अंदाज दिलाय. गावचे एक गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा) व्यावसायिक केरळातून ५ लाख द्यायला तयार आहेत, पण बारवेवर कमान बांधून तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव टाकायची अट आहे. उरलेले पैसे कसे उभे करायचे, संस्था नोंदवावी का आणि सुरुवात कुठून करावी?

सुरुवात त्या ५ लाखांपासून करू नका. त्यांना नाही म्हणायचं नाही. "दादा, तुमचे पैसे लागणार आहेतच, पण आधी गावाची घरटी पावती फाडू द्या, तुमचा आकडा आम्ही शेवटी लिहितो," असं सांगा. गावावर जीव असलेला माणूस हे समजून घेतो. मी तेवीस वर्षं गावोगावच्या बारवा, वेशी आणि समाध्यांच्या जतनाचं काम करतोय, आणि पैसा कमी पडून अडलेली कामं मला फार थोडी दिसली. काम पुरं झाल्यावर तिथं कुणी फिरकत नाही, अशी बरीच दिसली.

माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही नेमकं उलटं केलं होतं. एका घराने ४ लाख दिले, आम्ही आनंदाने घेतले आणि दोन महिन्यांत काम उरकलं. बारव सुरेख दिसायला लागली. पण गाव तिला त्या घराची बारव म्हणायला लागलं. दुसऱ्या भावकीतलं कुणी झाडलोट करायला येईना. दोन पावसाळे गेले आणि खालच्या पायऱ्या निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्यांखाली गेल्या. ती चूक माझीही होती, कारण पैसे आले म्हणून मी गावाला विचारायचं सोडून दिलं होतं. शंभर रुपयांची पावती फाडलेला माणूस बारवेत पिशवी टाकणाऱ्याला हटकतो. ज्याच्याकडे आपण गेलोच नाही, तो बघून पुढे जातो.

सातारा जिल्ह्याला ही रीत नव्याने शिकवावी लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे मुलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड चालवला. घरोघरची मूठभर धान्याची वर्गणी ती. मुठीने वसतिगृहाची सगळी गरज भागत नसेल, पण ज्या घरातून मूठ आली त्या घराला संस्था आपली वाटली. तुमच्या पावतीनेही तेच साधायचं आहे. रक्कम ठरवू नका. ५० पासून पुढे ज्याला जमेल ते घ्या. फक्त एकही उंबरा वगळू नका.

उंबरा वगळू नका म्हणतो तेव्हा एक अवघड गोष्ट मनात असते. बारवेचं पाणी सगळ्यांना सारखं नव्हतं. कुणाला पायऱ्या उतरायला बंदी होती, कुणाला वरून कुणीतरी ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, म्हणजे तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आईवडिलांच्या काळातला. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच तालुक्यात, आणि त्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता. ज्या वस्तीतल्या आजोबांना या बारवेवरून हाकललं गेलं, तिथं पावती पुस्तक घेऊन थेट उभे राहू नका. आधी नुसते जा, बसा, त्यांच्या आठवणी ऐका आणि लिहून घ्या. समितीत त्यांची माणसं पहिल्या बैठकीपासून असू द्या, आणि पुढे माहितीफलक कराल तेव्हा ही गोष्टही त्यावर येऊ द्या. "वारसा आपल्या सगळ्यांचा" असं मंडपातून म्हणायला सोपं असतं. त्या वस्तीत जाऊन म्हणायचं तर आधी हे ऐकून घ्यावं लागतं.

आता वर्गणी केव्हा मागायची ते सांगतो. ज्येष्ठ-आषाढात पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या खिशात काही नसतं, तेव्हा जाऊ नका. दिवाळीनंतर खरिपाचा पैसा आणि उसाची बिलं यायला लागली की घरटी फेरी करा. दुसरी वेळ गावच्या यात्रेची. मुंबईला माथाडी कामात असलेली, वाशीच्या मार्केटात असलेली आणि गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली तुमची माणसं त्या दोन-तीन दिवसांत झाडून गावात असतात. यात्रा कमिटीला आधी भेटा आणि छबिन्याच्या नाहीतर कुस्त्यांच्या दिवशी अर्धा तास मागून घ्या. भाषण करू नका. आदल्या दिवशी बारवेच्या वरच्या पायऱ्या झाडून घ्या, संध्याकाळी पणत्या लावा आणि लोकांना तिथं घेऊन या. महाशिवरात्रीला अनेक गावांत बारवांमध्ये असा दीपोत्सव होतो. जन्म गावात गेला तरी बारवेत कधी उतरलो नव्हतो, असं सांगणारी माणसं मला दर वेळी भेटली आहेत.

माहेरवाशिणींना विसरू नका. वर्गणीच्या यादीत त्यांचं नाव कुणी धरत नाही, कारण त्या आता दुसऱ्या गावच्या. पण बारवेवरून पाणी कुणी वाहिलं? त्यांनी आणि त्यांच्या आयांनी. एका गावात आम्ही यात्रेला आलेल्या लेकींची वेगळी बैठक घेतली. साठीच्या एक बाई ५०० ची नोट पुढे करून म्हणाल्या, पावतीवर माझं नाव नको, आईचं लिहा. ७२ च्या दुष्काळात आई पहाटे तीनला घागर घेऊन इथं नंबराला बसायची. मग बाकीच्या बायकाही आयांचीच नावं सांगायला लागल्या. त्या पुस्तकात पुरुषाच्या नावाच्या पावत्या नंतर सुरू झाल्या.

हिशेबाबद्दल कडक राहा. बँक खातं समितीच्या नावाचं आणि दोन सह्यांचं हवं. क्यूआर कोड त्याच खात्याचा असावा. कुणाच्याही खाजगी मोबाइल नंबरवर एक रुपयाही घेऊ नका, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो. पावतीला अनुक्रमांक आणि स्थळप्रत (आपल्याकडे राहणारी प्रत) असलीच पाहिजे. दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर जमा आणि खर्च हाताने लिहा. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलेला हिशेब वाहून जातो, फळ्यावरचा येता-जाता दिसतो. कुणी ट्रॅक्टर दिला, कुणी डिझेल भरलं, कुणाच्या घरून श्रमदानाला भाकरी आल्या, त्याचीही नोंद रकमेशेजारी करा. ज्याच्याकडे रोख नाही त्याचं नाव वहीत यायचा तोच मार्ग असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सगळ्यात आधी सातबारा काढा. बारव गावठाणात आहे, देवस्थान इनामात आहे की कुणाच्या गटात, हे कळल्याशिवाय एक पाटी मातीसुद्धा काढू नका. खाजगी गटात असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या. ग्रामसभेचा ठराव हवाच. बारव राज्य किंवा केंद्र संरक्षित आहे का, ते पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या. संरक्षित असेल तर तुम्ही स्वतः दुरुस्ती करू शकत नाही. विभागाच्या देखरेखीखालीच काम होतं. जवळपास केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. गावच्या बहुतेक बारवा कुठल्याच यादीत नसतात, पण खात्री लेखी असावी.

एकदाच वर्गणी गोळा करायची असेल तर गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी घेतात, तीच तुम्ही घ्या. काम दोन-तीन वर्षं चालणार असेल आणि देखभालही करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदवा. देणगीदारांना आयकरात देणगीची सवलत (८० जी नावाने ओळखली जाणारी) द्यायची तर तिची मान्यता वेगळी घ्यावी लागते. २,००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमा चेकने किंवा ऑनलाइनच घ्या. परदेशातल्या मुलांचा प्रश्न हमखास येतो. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा अमेरिकेत नोकरी करत असला तरी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचा पैसा कायद्याने परकीय अंशदान ठरतो, आणि त्यासाठीची नोंदणी नव्या समितीच्या आवाक्यातली नसते. त्याला सांगा, पैसे नकोत, सुट्टीला आलास की श्रमदानाला ये.

आता त्या १४ लाखांकडे येतो, कारण माझ्या मते खरा घोळ तिथं आहे. अंदाजपत्रकाची प्रत घेऊन बसा आणि एकेक ओळ वाचा. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, रंगीत दिवे, बाग, कमान असं काही दिसलं तर त्यावर रेघ मारा. बारवेला त्यातलं काहीच लागत नाही. तिला लागतं ते मोजमाप, आराखडे, झाडांचा बंदोबस्त, गाळउपसा, निसटलेले चिरे जागेवर बसवणं आणि पावसाचं पाणी वळवणारा चर. हे बाजूला काढलंत की आकडा बराच खाली येईल, आणि घरटी वर्गणी व श्रमदानातून पहिला टप्पा पार पडण्यासारखा वाटेल.

गाळ काढताना दोन चुका जिवावर बेततात. पहिली, जेसीबी थेट काठावर आणणं. दुसरी, पाच-सहा मोटारी लावून एका दिवसात पाणी उपसणं. भिंतींमागची माती वर्षानुवर्षं पाण्याने भिजलेली असते. आतलं पाणी त्या मातीला तोलून धरतं. ते एकदम काढलं तर मागचा सगळा दाब भिंतीवर येतो आणि शेकडो वर्षं उभी असलेली भिंत एका रात्रीत आत कोसळते. रोज थोडं पाणी काढा, थांबा, भिंतीला फुगवटा येतोय का बघा. गाळ पाट्यांनी, माणसांच्या साखळीने काढा, आणि पौष-माघापासून उन्हाळ्यापर्यंतच हे काम धरा.

भिंतीत उगवलेला पिंपळ नाहीतर उंबर ओढून काढू नका. मुळं चिऱ्यांत शिरून त्यांना धरूनही ठेवतात. वरून छाटा, मुळं जागेवरच मरू द्या, आणि चिरे सैल होतील तेव्हा जाणत्या पाथरवटाकडून एकेक नंबर टाकून उतरवून पुन्हा बसवा.

आणि सिमेंट नको. हे मी गावातल्या प्रत्येक बैठकीत हात जोडून सांगतो. पुष्कळ जुन्या बारवांचं बांधकाम चुन्याशिवाय, घडीव चिरे एकमेकांवर बसवून केलेलं असतं. त्या सांध्यांतून मागचं पाणी आत झिरपतं, म्हणूनच भिंतीवर दाब साठत नाही. सांध्यांत सिमेंट भरलं की ती वाट बंद होते, भिंत फुगते, आणि सिमेंटमधले क्षार दगडात उतरून त्याचे पापुद्रे निघायला लागतात. तुमच्या बारवेचे सांधे कोरडे असतील तर ते कोरडेच राहू द्या. मूळ बांधकाम चुन्यातलं असेल तर चुनाच वापरा. कळीचा चुना खड्ड्यात काही आठवडे भिजत ठेवायचा, मग वाळू आणि सुरखी घालून चुन्याच्या दगडी घाण्यात मळायचा. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही पकडतो. त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालायची जुनी पद्धत आहे आणि आम्ही ती आजही वापरतो. घाण्याचं दगडी चाक फिरायला लागलं की गावातली पोरं गोळा होतात. त्यांना हाकलू नका.

गाळात काहीबाही सापडेल. फुटकी मूर्ती, नाणी, तांब्याची भांडी, कधी कोरलेला दगड. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. वस्तू हलवायच्या आधी जागेवर फोटो काढा, कोणत्या पायरीपाशी आणि किती खोलीवर मिळाली ते लिहा, तलाठ्यांना बोलवा. एका ठिकाणी उत्साहाच्या भरात पोरांनी मूर्ती धुऊन, शेंदूर लावून वर मांडली होती, आणि तिच्यावरची झीज वाचून काळ ठरवायची संधी आम्ही गमावली.

वीरगळांनाही हेच लागू आहे. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि सगळ्यात वर सूर्य-चंद्र असा साधारण क्रम असतो. तुमच्या गावाची गुरं सोडवताना नाहीतर गावाची राखण करताना पडलेल्या माणसाचं ते स्मारक. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसेल, पण त्याचं मरण गावाने दगडात जपलं आहे. ऑइल पेंट लावू नका, ओट्यात सिमेंटने रोवू नका. हलवायचेच असतील तर मूळ जागा आधी नकाशावर मांडा. त्यावर अक्षरं असतील तर घासू नका, तिरप्या उजेडात सकाळी फोटो घ्या आणि अभ्यासकांना दाखवा. अलिबागजवळ अक्षीचा शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये गणला जातो, आणि तोही कितीतरी वर्षं रस्त्याकडेला साध्या दगडासारखा उभा होता.

राहिला कमानीचा प्रश्न. देणगी देणाऱ्याचं नाव कोरायची इच्छा चुकीची नाही. तुमच्या जिल्ह्यातच लिंब गावची बारा मोटेची विहीर आहे (मोट म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायचं चामडी पोतं). वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली, आणि ते आपल्याला कळतं विहिरीवरच्या शिलालेखामुळे. पण तो लेख विहिरीपेक्षा मोठा नाही. तुमच्या गलाईवाल्या दादांना एकदा लिंबला घेऊन जा आणि तो लेख दाखवा. मग त्यांना सुचवा की त्यांची रक्कम देखभालीच्या ठेवीत ठेवू. तिच्या व्याजातून दरवर्षी पावसाळ्याआधीचा गाळ, झाडोरा आणि चर साफ होईल. बारवेपासून थोडं दूर एक स्वतंत्र दगड उभारा. जुन्या भिंतीत काही बसवू नका. त्या दगडावर दादांच्या वडिलांचं नाव इतर सगळ्या नावांइतक्याच अक्षरात येऊ द्या. मी हे तीन गावांत केलं. दोघांनी लगेच मानलं. तिसऱ्या देणगीदाराने पैसे दिले नाहीत, आणि ते काम आठ महिने उशिरा पण गावाच्या पैशात झालं.

उशिराला घाबरू नका. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी 'केसरी'तून हाक दिली. सामान्य माणसांकडून फंड जमला, मंडळ स्थापन झालं, आणि समाधीचं काम प्रत्यक्षात उभं राहिलं १९२५-२६ च्या सुमारास. तीस वर्षं गेली आणि हाक देणारे टिळक तोवर हयात नव्हते. म्हणून तुमची वही अशी लिहा की आज पाचवीत असलेल्या पोरीला पुढे ती हातात घेऊन हिशेब लागला पाहिजे.

तर येत्या रविवारी पैशाचं काही काढू नका. टेप, वही, मोबाइल घ्या आणि बारवेवर जा. मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं त्या थारोळ्यापाशी दगडावर दोर आणि सोंदूर (मोटेचा दुसरा, बारीक दोर) घासून पडलेल्या खाचा असतील, काही बोटभर खोल. त्यांचा जवळून फोटो घ्या आणि पावती पुस्तकाच्या वरच्या पानावर तोच छापा. मग गावातली ऐंशीच्या पुढची माणसं शोधा. कोणती खाच कुणाच्या मोटेची, पाळी कुणानंतर कुणाची, हे सांगणारं कुणीतरी अजून असेल. पहिली पावती फाडायला त्यांच्याकडे जा, आणि जाताना दुसरी कोरी वही सोबत असू द्या.